डावीकडून तिसरी

पुस्तकात तीस पानांपासून बर्फ पडत होता, आणि माझा डावा हात ओवीच्या डोक्याखाली बधिर झाला होता. बाहेर एक्केचाळीस डिग्री, इकडे जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे भर उन्हाळा. पडदे ओढून घेतलेले, त्यांच्या कडेने मात्र ऊन आत यायचं ते यायचंच, आणि गादीवर एक पांढरी पट्टी पडायची. ओवी दहा महिन्यांची. दुपारी ती झोपली की मला तासभर मिळतो, कधी चाळीसच मिनिटं. हात काढून घेतला तर तेवढीही मिळत नाहीत, म्हणून हात तिथेच ठेवायचा आणि उजव्या हाताने, अंगठा पानांत खुपसून वाचायचं. मारित नावाची एक नॉर्वेजियन पत्रकार एका फरार माणसाच्या मागावर गोठलेल्या तळ्यावरून चालली होती. त्याने खून केलाय असं सगळं गाव म्हणत होतं, आणि तो अठरा दिवस कुणाला सापडत नव्हता. मारितला त्याला पकडून द्यायचं नव्हतं. तिला फक्त त्याला एक प्रश्न विचारायचा होता. मी बर्फ पाहिलाय तो फ्रीजरच्या कडांना धरतो तेवढाच, तरी माझ्या तळव्यांना गार लागत होतं, आणि ओवीच्या टाळूचा आंबूस दुधाळ वास त्या तळ्यावर पसरला होता. मी वाचत होते की झोपले होते, सांगता येणार नाही. तेवढ्यात उशीजवळ फोन थरथरला.

"नमस्कार नीलाताई. मी सारंग, टूवूंबाहून. तुमच्या मंडळाच्या बोरन्हाणाचा फोटो एका मित्राने पाठवला. फारच सुंदर. त्यात डावीकडून तिसरी उभी आहे ती चित्रलेखा, माझी मिसेस. ती आणि ईशानी सुखरूप आहेत हे पाहून डोळ्यांत पाणी आलं. त्या सध्या कुठे राहतात, एवढंच कळवाल का?"

आधी मला बरंच वाटलं. खोटं कशाला लिहू? आपण चार ओळी लिहिल्या आणि त्या पार क्वीन्सलँडपर्यंत कुणीतरी वाचल्या, याचा जुना, बिनडोक आनंद. मग हळूहळू, बधिर हाताला मुंग्या याव्यात तसा, तो एक शब्द अंगात शिरायला लागला. सुखरूप. माणूस आपल्या बायकोबद्दल हा शब्द कधी वापरतो?

फोटो मीच काढलेला, मंडळाच्या ग्रुपवर मीच टाकलेला. मागच्या रविवारी. संक्रांत होऊन गेली होती, पण बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत चालतं, म्हणून शाळा उघडल्यावर सगळ्यांच्या सोयीने हॉल घेतला होता. ओवीला काळं झबलं, आईने नाशिकहून पाठवलेले हलव्याचे दागिने. त्यातला मुकुट वाटेत फुटला होता, तो मी मागून सेलोटेप लावून बसवला. बोरं कुठली मिळायला? चुरमुरे, गाजराचे तुकडे, ब्लूबेरी आणि मार्शमेलो. डोक्यावरून ते सगळं ओतलं तशी ओवी दचकली, आणि मग एक ब्लूबेरी तोंडात घालून गंभीर होऊन बसली. बाकीची मुलं खाऊवर तुटून पडली. त्यात ईशानीही होती, तीन वर्षांची, फ्रॉकचा ओचा करून त्यात मार्शमेलो भरत होती, आणि चित्रलेखा भिंतीला लागून उभी होती. मी हाक मारली, "अगं ये ना फोटोत! तू काय पाहुणी आहेस का?" ती आली. आता आठवतं, लगेच नाही आली.

एवढ्यावर थांबले असते तर काही झालं नसतं. शंभर बायका शंभर फोटो टाकतात, खाली तीन हार्ट देतात. पण मी सहा वर्षं नाशिकला एका पेपरच्या जिल्हा आवृत्तीत काढली आहेत, आणि ओळींशिवाय फोटो माझ्या हातून सुटत नाही. आमचे यतीन सर म्हणायचे, खाली नावं नसलेला फोटो म्हणजे वऱ्हाडात घुसलेला चोर. डावीकडून एक एक करत जायचं, नाव पूर्ण, आडनावासकट. गावातल्या माणसाचं नाव पेपरात आयुष्यात दोनदा येतं, सर म्हणायचे, त्यातलं दुसरं त्याला वाचता येत नाही, निदान पहिलं तरी नीट छापा. रक्तदान शिबिर असो नाहीतर वक्तृत्व स्पर्धा, संध्याकाळी मी ट्यूबलाइटखाली फोन लावून विचारायची, "मागच्या रांगेत चष्मा लावलेले ते कोण हो?" तर बोरन्हाणालाही मी वही काढली. हसले सगळे. माझा नवरा हृषिकेश म्हणाला, "झालं, बातमीदार ऑन ड्यूटी." मी डावीकडून नावं लिहीत गेले, तिसरीपाशी आले. मला ती नुसती चित्रा म्हणून माहीत होती. "पूर्ण नाव सांग ना." ती माझ्या पेनाकडे बघत राहिली. कढईत टाकलेली मोहरी तडतडायच्या आधी एक क्षण गप्प असते, तितकाच वेळ. मग अगदी स्पष्ट, शाळेत हजेरीला सांगतात तसं, तिने नाव सांगितलं, आडनावासकट. मी लिहिलं. तो क्षण मला दिसला होता. पूर्वी अशाच क्षणांसाठी मला पगार मिळायचा, आणि मी तो पाहूनही पान उलटलं.

माझी चार महिन्यांची मैत्रीण. बाळंतपणानंतर मी पहिल्यांदा जिच्याशी दुधाबिधाशिवाय काही बोलले ती ही. दर गुरुवारी दहा वाजता लायब्ररीत बाळांची गाणी असतात. सगळ्या आया रगवर गोल बसतात आणि बदकांची, बसच्या चाकांची गाणी म्हणतात. एकदा गाणी संपल्यावर मी क्राइमच्या कपाटापाशी हे पुस्तक काढायला हात घातला तर दुसऱ्या बाजूनेही एक हात आला. "तू घे," ती म्हणाली, मराठीत. माझ्या पिशवीवर पैठणीचा मोर होता, त्यावरून ओळखलं असणार. मी म्हटलं, "आपण दोघी मिळून वाचू. आठवडाभर तुझ्याकडे, आठवडाभर माझ्याकडे." तेव्हापासून त्या एका प्रतीत दोन खुणा आहेत, माझी बसच्या वेळापत्रकाची चिठ्ठी आणि तिची ईशानीच्या केसांतली रिबन. तिची रिबन नेहमी पुढे. शिवाय ती शेवटची दोन पानं आधीच वाचून बसलेली.

"असं कोण वाचतं?" मी म्हणाले होते.

"मी. शेवट माहीत नसेल तर मला एक पान वाचवत नाही."

"मग गंमत काय राहिली?"

"तुला गंमत हवीय. मला तो नीट पोचला का ते हवंय." आणि मग हसून, "पण तुझी ती मारित काय बावळट आहे गं! तो माणूस जिवाच्या आकांताने पळतोय आणि हिला इंटरव्ह्यू हवाय."

"त्याची बाजू कुणीतरी ऐकायला नको?"

"ऐकायला मागे मागे जावं लागतं का? आणि बर्फात हिच्या बुटांचे ठसे उमटतात त्याचं काय?"

मी ते विनोद म्हणून घेतलं. तिचा फोन चार महिने बिघडलेला होता, तेही मी तसंच घेतलं. मंडळाच्या ग्रुपवर ती नव्हती. लायब्ररीत ती कायम दाराकडे तोंड करून बसायची. नवऱ्याचं विचारलं की "तो तिकडेच असतो" म्हणायची. एकदाच टूवूंबाचा विषय निघाला तेव्हा म्हणाली, "तिथे बसस्टॉप आहे, बस नाही," आणि ईशानीची टोपी सारखी करत बसली. सगळं समोर होतं. माझं डोकं तेव्हा तूप होऊन गोठलेलं होतं, दीड तास झोप, दोन तास झोप, आणि मला वाटलं की माझ्यासारखीच हीसुद्धा दमलेली आहे.

दुसरा मेसेज आला. एक फोटो, लहान मुलीचा पलंग, गुलाबी चादर, उशीवर कापडी ससा ताठ बसवलेला. "हा चौदा महिने असाच वाट बघतोय," खाली लिहिलं होतं. मला गलबलून आलं. ओवीच्या पापण्या थरथरत होत्या, स्वप्नात ती ओठांनी दूध पीत होती, आणि मला वाटलं, हिचा ससा असा राहिला तर हृषिकेश काय करेल? दोन्ही बाजू घ्यायच्या असतात. कदाचित हा बिचारा खरंच रात्र रात्र जागत असेल. कदाचित तिचंच काहीतरी. मी उत्तर लिहायलाही लागले होते, "त्या मजेत आहेत, काळजी करू नका," आणि मग थांबले. 'मजेत आहेत' हासुद्धा एक पत्ताच झाला. मी हळूच हात सोडवला, बाथरूममध्ये जाऊन हृषिकेशला फोन लावला.

"नवराबायकोचं भांडण असेल गं. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"मी मध्ये आहेच. त्याला ती माझ्या ओळींमुळे सापडली."

"मग फोटो डिलीट कर ना. सिंपल."

"गेलाय तो त्याच्याकडे."

मागे हृषिकेशच्या ऑफिसात कुणीतरी मोठ्याने हसत होतं. "नीला, ऊन फार आहे," तो म्हणाला. मी कुठे जाते म्हणाले नव्हते तरी. "ओवीला टोपी घाल."

फोटो काढून टाकायला ग्रुप उघडला तर सुरुचीताईंचा मेसेज माझ्यासाठी येऊन पडलेला. सुरुचीताई मंडळाच्या सेक्रेटरी, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या, कुणाचं बाळंतपण असो की एअरपोर्टची बॅग, धावून जाणाऱ्या. मी फोन केला.

"अगं, त्या सारंगचा मला फोन आला होता! इतका गोड मुलगा. काय मराठी गं! आवाज चढला नाही एकदासुद्धा. रडला बिचारा. मी म्हटलं, अरे आमच्या नीलाची मैत्रीणच आहे ती, दर गुरुवारी लायब्ररीत भेटतात. निघतोय म्हणाला आजच. उद्या सरप्राइज देऊ या म्हणाला, तर तू तिला बोलू नकोस हं!"

उद्या गुरुवार. चित्राचा नंबर माझ्याकडे नव्हता. पत्ता नव्हता. मी पलंगाच्या कडेला बसले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोक्यातलं तूप पातळ झालं. ती लायब्ररीत चालत येते, नेहमी रुळांच्या बाजूने. एकदा म्हणाली होती, ट्रेन गेली की आमची खिडकी दात वाजवते. दर आठवड्याला मला जाड सालीची लिंबं आणून द्यायची, मालकीणबाईंच्या झाडाची. पुढच्या घरातल्या आंटी पहाटे गुरुबाणीचे शबद लावतात, त्यावर ईशानी उठते. म्हणजे रुळांना लागून असलेली गल्ली, पंजाबी घर, दारात लिंबू, मागच्या अंगणात भाड्याने दिलेली खोली. मला वीस मिनिटंही लागणार नव्हती. आणि हे कळलं तशी मी तडक उठले, कारण जे मला सापडेल ते कुणालाही सापडेल. गोड बोलणाऱ्याला तर आधी.

ओवीला प्रॅममध्ये घातलं, वर ओला पंचा टाकला, पुस्तक कसं कोण जाणे खालच्या जाळीत आलं. रस्त्यावर माणूस नव्हतं. डांबर मऊ झालेलं, प्रॅमची चाकं किंचित रुतून मागे बारीक रेघा उमटत होत्या. युकॅलिप्टसच्या साली सोलून लोंबत होत्या आणि त्यांचा औषधी वास डोळ्यांत चढत होता. मला वाटत होतं की हे ऊन नाहीच, इतकं पांढरं आहे ते तळंच आहे, आणि मी त्यावरून चालले आहे, जपून, कुठे तडकलं तर ओवीसकट आत. पंच्याखाली ओवी जागी झाली होती आणि स्वतःशी बडबडत होती, ब ब ब. दोनदा मी मागे वळून पाहिलं. तिसऱ्या गल्लीत लिंबाचं झाड होतं.

मागच्या खोलीचं दार बंद, पडदा लावलेला. मी टकटक केली. आत एक लहान आवाज झाला आणि कुणीतरी तो झाकला.

"चित्रा, मी नीला. दार नको उघडूस. नुसतं ऐक." उन्हात उभी राहून मी दाराच्या जाळीला सांगू लागले. फोटो, ग्रुप, नाव, आडनाव. त्याचा मेसेज. सुरुचीताई, लायब्ररी, उद्या सकाळ. बातमी सांगताना आधी काय घडलं ते सांगायचं, कुणी केलं ते नंतर. मी उलटं सांगत होते, पुन्हा पुन्हा, "मी केलं गं, मी केलं." मागून ट्रेन गेली आणि खिडकी खरोखरच दातांसारखी वाजली. मग कडी सरकली.

"आत ये. बाळाला ऊन लागेल," ती म्हणाली.

एकच खोली, स्वच्छ, पंख्याचा वारा. ईशानी टेबलाखाली बसलेली होती, हाताने तोंड दाबून, अगदी सराईत. "इट्स ओन्ली ओवीज ममा," तिने आईला समजावलं आणि बाहेर आली. चित्राने मला पाण्याचा ग्लास दिला. चिडली नाही. "रविवारी टाकलास? आज बुधवार." तिने बोटांवर काहीतरी मोजलं, कपाटातून एक बॅग काढली. बॅग भरलेलीच होती. मग स्वयंपाकाच्या ओट्याखालून एक साधा बटणांचा फोन काढून इंग्लिशमध्ये कुणाशी तरी चार वाक्यं बोलली. "चाळीस मिनिटांत गाडी येईल. बायकांसाठीच्या सेंटरमधल्या आहेत त्या. तू बस तोवर."

ती घड्या घालत होती, मी ओवीला पाजायला घेतलं. ईशानी माझ्या गुडघ्याशी उभी राहून बघत होती. मला विचारायचं होतं. काय केलं त्याने? मारायचा का? कुणाला सांगितलं होतंस का? प्रश्न घशाशी येत होते आणि मी ते ओवीच्या घोटांबरोबर गिळत होते. तीच आपणहून म्हणाली, पाठमोरी, "तो कधी ओरडला नाही. रोज संध्याकाळी गाडीत बसून किलोमीटर लिहून घ्यायचा. फ्रिजवर कागद. एकदा मी हिला बाग दाखवायला चार किलोमीटर जास्त गेले." रुमालाची घडी तिने उलगडली, परत घातली. "पुढचं नको."

"तू मला खरं नाव का सांगितलंस?" एवढं मात्र माझ्याच्याने राहवलं नाही.

तिने विचार केला. "चौदा महिन्यांत पूर्ण नाव कुणी विचारलंच नव्हतं. तू पेन काढलंस आणि मला इतकं बरं वाटलं." मग, "दाखव तरी, कसं लिहिलंस."

मी फोन तिच्या हातात दिला. तिने फोटो मोठा केला, माणसांवरून नाही, ओळींवरून बोट सरकवलं. हळू वाचलं. माझ्याकडे फोन परत देताना म्हणाली, "शुद्ध लिहिलंयस. लोक 'लेखा'मधला ख चुकवतात." आणि आम्ही दोघी हसलो, इतक्या की ओवीने पिणं सोडून वर पाहिलं.

पांढरी गाडी आली. केस करडे झालेल्या एका बाईने बॅग घेतली, "नो वरीज, लव्ह," म्हणाली, इतक्या सहज की जणू बाजारातून घरी न्यायला आली आहे. ईशानीला मागच्या सीटवर बांधलं. चित्राने ओवीच्या पावलांना हात लावला, मग माझ्या गालाला. "उद्या लायब्ररीत जाऊ नकोस." मी मान हलवली, हो की नाही मलाही कळलं नाही. कुठे चाललीस, हे शब्द जिभेवर पूर्ण तयार होते. मी दात घट्ट मिटून उभी राहिले, तोंडात लिंबाची बी धरावी तशी. ती क्षणभर थांबली. बहुतेक तिला वाटलं मी विचारीन. सांगितलंही असतं तिने. गाडी वळेपर्यंत मी नंबर प्लेटकडे पाहिलं नाही, लिंबाच्या झाडाकडे बघत राहिले.

रात्री हृषिकेश म्हणाला, उद्या जायचं काही कारण नाही. मी म्हटलं, दर गुरुवारी जाते आणि नेमकी उद्या नाही गेले तर सारंगला कळेल की मी तिला सांगितलंय, आणि तो आजूबाजूला शोधायला लागेल. दोन तास तिथे बसून राहिला तर तेवढे दोन तास चित्राला मिळतील. हृषिकेश म्हणाला, मग मी बाहेर गाडीत बसतो. बसला.

दहाला पाच कमी असताना मी रगवर जाऊन बसले, दाराकडे तोंड करून. सारंग आधीच आलेला होता. मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाशी उभा, इस्त्रीचा आकाशी शर्ट, हातात कापडी ससा. लहानखुरा, देखणा. डोळे खरंच सुजलेले होते. तो येऊन माझ्याजवळ उकिडवा बसला.

"नीलाताई ना? प्रोफाइलच्या फोटोवरून ओळखलं." आवाज इतका मऊ की मला पुढे वाकून ऐकावा लागला. "ती येईल ना आज?"

"येते दर गुरुवारी," मी म्हणाले.

त्याने दाराकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. गाणी सुरू झाली. बदकं डोंगरापलीकडे गेली, एक कमी होऊन परत आली. आया टाळ्या वाजवत होत्या. तोही वाजवू लागला, ससा मांडीवर ठेवून, सगळे शब्द त्याला येत होते. एका गाण्याच्या मध्ये तो पुटपुटला, "कुठे राहते हो?"

"मला माहीत नाही."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. मीही नजर हलवली नाही. ते खरं होतं, आणि ते खरं राहावं म्हणून मला काय मोजावं लागलं ते त्याला दिसत असेल तर दिसो. बराच वेळ आम्ही तसेच बसलो होतो, गाणं आमच्याभोवतीने फिरत होतं, चाकं गोल गोल, वायपर सूं सूं, आणि खिडकीतून येणारं ऊन रगवर इतकं स्थिर होतं की ही सकाळ कधीच संपणार नाही असं वाटत होतं. मग तो हसला. मला नाही, ओवीला. मान कलती करून, भुवया उंचावून, बाळांना आवडतं तसं.

ओवी खुदकन हसली. ती सगळ्यांनाच बघून हसते. दोन्ही हात पसरून ती त्याच्याकडे झेपावली, तिचं सगळं वजन माझ्या हातांतून पुढे गेलं, आणि मी तिला कमरेला धरून मागे ओढलं, माझ्याकडे वळवून घट्ट घेतलं, आणि पुढच्या कडव्याचे शब्द मला येत नसतानाही मोठ्याने म्हणत राहिले.